परकार सर आणि पंधरा वर्षांचा राजा

मस्कतमध्ये मी बरीच वर्षं टाइल्स विकल्या. टाइल्स, नळ, वॉश बेसिन, बाथटब आणि कमोड. अझैब्यात विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं शोरूम होतं आणि मी तिथला मॅनेजर होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी इतिहास, नाटक आणि ग्रीक राजे यांबद्दल बरंच बोलणार आहे आणि वाचणाऱ्याचा माझ्याविषयी गैरसमज व्हायला नको. यातलं मला जे काही येतं ते परकार सरांचं आहे. चुका तेवढ्या माझ्या.

इस्माईल परकार सर वादी कबीरमधल्या एका मोठ्या भारतीय शाळेत इतिहास शिकवायचे. मूळचे रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. उंच, पण दाराच्या चौकटीला कायम घाबरल्यासारखे किंचित वाकलेले. अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यातलं एक कधीच चालत नसे. एकदा मी म्हटलं, ‘‘सर, हे टाकून का देत नाही?’’ तर म्हणाले, ‘‘जुना माणूस आहे, राहू दे.’’

आमच्याशी ते पुस्तकातली असावी अशी स्वच्छ मराठी बोलत. राग आला किंवा माया आली की मात्र खाडीचं पाणी आत शिरायचं. ‘‘असा नाय चालायचा’’ असं सर म्हणाले, की या दोहोंपैकी काय आलंय ते चेहऱ्यावरून ओळखावं लागे.

त्यांच्या दोन सवयी सगळ्या मराठी मंडळींना ठाऊक होत्या. पहिली अशी, की ते विद्यार्थ्यांना अहोजाहो करत. ‘‘अहो निनाद, उठा. तुम्ही सांगा.’’ निनाद म्हणजे आमचा मुलगा. आपसात इंग्रजी बोलणाऱ्या त्या पोरांना सुरुवातीला ही काहीतरी गंमत वाटे. मग त्यांच्यापैकी जी मराठी होती ती हळूहळू ताठ बसायला लागत. आपल्याला कोणी ‘तुम्ही’ म्हणतंय म्हटल्यावर पाठीला पोक काढून बसता येत नाही. मला घरी कोणीच ‘तुम्ही’ म्हणत नसे, त्यामुळे माझी पाठ तशीच राहिली. या पाठीचा पुढे संबंध आहे.

दुसरी सवय म्हणजे त्यांचा प्रश्न. कुणाहीबद्दल कुणी वाईट बोलायला लागलं, मग तो मोगल बादशहा असो की मस्कतबाहेर किनाऱ्यावरच्या बरक्याच्या शेतावरून पळून गेलेला कामगार, सर शांतपणे विचारत, ‘‘तेव्हा त्याचं वय काय होतं?’’ आणि वय कळेपर्यंत पुढे बोलू देत नसत. या प्रश्नाने मस्कतच्या मराठी मंडळाच्या कित्येक चांगल्या रंगलेल्या निंदा जागच्या जागी मेल्या.

माझी त्यांची पहिली भेटही अशीच झाली. निनाद नववीत होता आणि इतिहासात त्याला लाज वाटावी इतके कमी मार्क पडले होते. म्हणजे मला लाज वाटावी इतके. त्याला वाटत नव्हती. मी पालकसभेला टाय लावून गेलो आणि म्हणालो, ‘‘सर, याला काही गांभीर्यच नाही. याच्या वयाचा असताना मी...’’

‘‘काय करत होतात?’’ सरांनी विचारलं. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

मी आठवू लागलो. त्याच्या वयाचा असताना मी कराडला एका मित्राच्या गच्चीवर दुपारभर पतंग उडवत होतो आणि गणितात नापास झालो होतो. हे आठवायला नको होतं, पण सर डोळे लावून बसले होते, त्यामुळे खोटंही सुचेना.

‘‘पतंग,’’ मी म्हणालो.

‘‘छान,’’ सर म्हणाले. ‘‘याला इथे वाराही मिळत नाही.’’

मी टाय सैल करून घरी आलो. बायकोने, वैशालीने, विचारलं, ‘‘काय म्हणाले सर?’’ मी म्हटलं, ‘‘मुलाकडे लक्ष देतो म्हणाले.’’

पुढच्या हिवाळ्यात मंडळाच्या स्नेहसंमेलनासाठी सरांनी नाटक बसवायला घेतलं. ते दर वर्षी एक नाटक बसवत, बहुधा स्वतः लिहिलेलं. ते त्यांचं नोकरीतलं शेवटचं वर्ष होतं. साठ पूर्ण झाली की शाळा निरोप देणार आणि व्हिसाही शाळेबरोबर जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा यंदा काहीतरी भव्य येणार असं आम्ही धरून चाललो होतो. सरांनी समितीपुढे नाव सांगितलं: सिराक्यूजचा राजा हिएरोनिमस.

मंडळाचे अध्यक्ष सबनीस तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि बोलायच्या आधी चष्मा पुसत. त्यांनी चष्मा पुसला. ‘‘सर, हा कोण? आणि आपले राजे संपले का?’’

‘‘आपले राजे फार मोठे आहेत,’’ सर म्हणाले. ‘‘मला एक लहान राजा हवाय. आणि सबनीससाहेब, आपल्या राजांना चुका करायला लावायची माझी छाती नाही. लोक मला बरक्यापर्यंत पळवतील.’’

सगळे हसले आणि नाटक मंजूर झालं. पुष्कळ गोष्टी सरांनी अशाच मंजूर करून घेतल्या.

त्या आठवड्यात ते आमच्या घरी आले. सोबत भाभींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, केलेली सांदणं. कोरा चहा घेत त्यांनी आम्हा तिघांना त्या राजाची गोष्ट सांगितली. मी तोवर ग्रीक म्हटलं की फक्त एका प्रकारची बॉर्डर टाइल ओळखत होतो.

‘‘सिराक्यूज हे सिसिली बेटावरचं ग्रीकांचं शहर,’’ सर म्हणाले. ‘‘तिथे हिएरॉन नावाचा राजा होता. पन्नासहून जास्त वर्षं राज्य केलं त्याने. नव्वदीपर्यंत जगला. एका बाजूला रोम, दुसऱ्या बाजूला कार्थेज, दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेले, नि मधे हा म्हातारा रोमशी मैत्री सांभाळून शहर राखतोय. साधे कपडे, अंगरक्षक नाहीत, लोकांसारखा लोकांत राहायचा. त्याचा मुलगा त्याच्या आधीच मेला. म्हणून राज्य गेलं नातवाकडे. हिएरोनिमस.’’ मग ते निनादकडे वळले. ‘‘वय विचारा.’’

‘‘वय काय होता?’’ निनादने विचारलं. त्याची मराठी अशीच होती. लिंग, वचन वगैरे गोष्टी त्याने कराडला सोडल्या होत्या.

‘‘पंधरा. तुमच्याएवढा.’’

म्हाताऱ्याने मरताना नातवावर पंधरा पालक नेमले होते, सर सांगत होते. पण त्या मुलाच्या आत्याचा नवरा मोठा हुशार. नाव अँड्रानोडोरस. सर त्याला नुसतं ‘आतोबा’ म्हणत. या आतोबाने काही दिवसांतच जाहीर केलं, की मुलगा आता मोठा झालाय, त्याला पालकांची गरज नाही. पंधराच्या पंधरा पालक घरी गेले. मुलाला वाटलं आपण राजा झालो. राज्य आतोबाचं झालं.

‘‘मग काय,’’ सर म्हणाले. ‘‘आजोबांनी कधी घातले नाहीत ते जांभळे कपडे घातले, मुकुट घातला, चार पांढऱ्या घोड्यांचा रथ काढला. रोमचे वकील भेटायला आले. रोम नुकतंच एका लढाईत भयंकर हरलं होतं. हा त्यांना दरबारात विचारतो, त्या लढाईचं खरं काय झालं हो? कार्थेजवाले तर कायबाय सांगतात.’’

निनाद खदखदून हसला. इतिहास ऐकताना मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहत होतो.

‘‘हसू आलं ना? त्यालाही आलं असेल. पन्नास वर्षांची मैत्री त्या एका हसण्यात गेली. मग तो कार्थेजला मिळाला. आधी म्हणाला, अर्धं बेट मला द्या. मग म्हणाला, सगळंच द्या. आणि एक वाईट काम केलं. त्याला मारायचा कट उघडकीला आला, तेव्हा पकडलेल्या माणसाने एका निर्दोष माणसाचं नाव घेतलं, नि याने त्या निर्दोष माणसाला ठार मारवलं. तो त्याचा शहाणा सल्लागार होता. हे नाटकात लपवायचं नाही. खरे कटवाले मात्र त्याच्याच भोवती फिरत राहिले. शेवटी लिओंटिनी नावाच्या गावात एका अरुंद गल्लीत त्याला गाठून मारलं. जेमतेम तेरा महिने राज्य केलं. प्रेत तसंच पडून राहिलं. जुन्या इतिहासकारांनी लिहिलंय, फार जुलमी राजा होता.’’ सरांनी कप खाली ठेवला. ‘‘तेरा महिन्यांत माणूस केवढा जुलमी होणार? तेरा महिन्यांत नववीतला मुलगा दहावीत जातो.’’

मग ते निनादला म्हणाले, ‘‘राजाचं काम तुम्ही करणार.’’

मी हे नम्रपणे ऐकून घेतलं, पण आतून हललो. कारण कॉलेजात असताना एका एकांकिका स्पर्धेत मला अभिनयाचं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं आणि तेव्हापासून मी स्वतःला वाया गेलेला नट समजत होतो. राजा नाही तर नाही, निदान आजोबा हिएरॉन. निदान आतोबा. आतोबा सबनीसांकडे गेला. मला सरांनी डिनोमेनीस दिला.

‘‘हा कटातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस,’’ सर म्हणाले. ‘‘राजाचाच अंगरक्षक. गल्लीत राजा पुढे जातो, मागून लवाजमा येत असतो. डिनोमेनीस मधेच थांबतो, वहाणेचा बंद घट्ट झालाय असं दाखवून तो सैल करायला लागतो. गल्ली अरुंद. मागचे सगळे खोळंबतात. पुढे राजा एकटा पडतो. तेवढ्यात काम होतं.’’

‘‘आणि मी काय बोलतो?’’

‘‘काही नाही. वहाण सोडता.’’

‘‘एकही वाक्य नाही?’’

‘‘बोललात तर लोकांना कळेल ना,’’ सर म्हणाले.

तालमी आमच्या शोरूममध्ये व्हायच्या, कारण शुक्रवारी ते संध्याकाळपर्यंत बंद असे. सिंहासन म्हणून एक बाथटब उलटा केला. अरुंद गल्ली म्हणून टाइल्सच्या दोन रॅकमधली जागा वापरली. ती इतकी अरुंद होती, की सबनीस तिच्यात शिरले की इतिहास आपोआप घडे. मी दर शुक्रवारी त्या रॅकमध्ये वाकून वहाणेचा बंद सोडायचो. सर म्हणायचे, ‘‘शिर्के, घाई करू नका. तुम्ही बंद सोडत नाही आहात, तुम्ही वेळ काढताय.’’ पुढच्या वेळी म्हणायचे, ‘‘आता फार वेळ काढलात. आता तुम्ही नुसते म्हातारे वाटताय.’’

निनादची मराठी हा मंडळाचा खरा प्रश्न होता. ‘‘हे राज्य माझं आहे’’ याऐवजी तो ‘‘ही राज्य माझी आहे’’ म्हणायचा. सबनीस एकदा म्हणालेच, ‘‘सर, मुलगा गोड आहे, पण प्रेक्षक हसतील. एखादा मोठा नट घ्या. मराठी येणारा.’’

‘‘त्या मुलालाही ते शब्द दुसऱ्यांनीच शिकवले होते,’’ सर म्हणाले. ‘‘त्याच्या तोंडात ते असेच बसत नसणार. राहू दे.’’ निनादला मात्र ते बाजूला घेऊन ते वाक्य शिकवत राहिले. त्याला दोन्ही जमावं अशी त्यांची इच्छा असावी.

तालमी निम्म्यावर आल्या आणि निनादचा वाढदिवस आला. पंधरा पूर्ण होऊन सोळावं लागलं. मी त्या दिवशी एक भाषण केलं. मला भाषणं सुचतात, फक्त ऐकणारे दोनच असतात. मी म्हणालो, ‘‘निनाद, आता तू मोठा झालास. आता तुझे निर्णय तू घ्यायचे.’’ वैशाली केक कापता कापता माझ्याकडे बघत राहिली, पण मी रंगात होतो.

त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी मी जेवून झोपलो असताना निनादने माझ्या गाडीची किल्ली घेतली. दोन मित्रांना बसवलं आणि गाडी मागे घेतली. आम्ही ज्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर राहायचो त्याचं आवार मोठं होतं, पण निनादने ते सगळं वापरलं. आवाज झाला तेव्हा मी दचकून उठलो. खाली येऊन पाहतो तर कुंपणाची भिंत पुरुषभर लांबीची कोसळलेली, गाडीची मागची बाजू चेपलेली आणि गाडीशेजारी पांढराफटक होऊन उभा माझा मुलगा. कुणाला खरचटलं नव्हतं. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची लहान मुलं रोज खेळायची. त्या दिवशी ती नव्हती, एवढंच.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. शेवटी म्हणालो, ‘‘खलास. तुझं इथलं शिक्षण खलास. याच महिन्यात तुला कराडला काकाकडे पाठवतो.’’ हे मी नुसतं बोललो नाही. वर जाऊन भावाला फोन केला. त्याने शाळेची चौकशी करतो म्हणून सांगितलं. विमानाचं तिकीट बघायला मी कॉम्प्युटरही उघडला. वैशाली समोर उभी होती. म्हणाली, ‘‘राग उतरू दे.’’ मी म्हटलं, ‘‘हा राग नाही, हा निर्णय आहे.’’

निनाद खोलीत गेला आणि त्याने एकच फोन केला, तो सरांना.

सर वादी कबीरहून आले. ते गाडी इतकी सावकाश चालवत की मागून येणारे आधी हॉर्न वाजवत आणि मग पुढे जाताना काळजीने आत डोकावत. तोवर आमचे घरमालक सालेम येऊन मोडलेल्या भिंतीपाशी उभे होते. पांढरी दाढी, हातात काठी. मी त्यांच्यासमोर हात जोडून, अरबी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत चुका करत होतो. सर आले, त्यांनी सलाम केला, आणि सगळी हकीकत अरबीत सरळ सांगितली. काही लपवलं नाही. निनादने गाडी घेतली, विचारलं नव्हतं, मुलं पलीकडे असती तर फार वाईट झालं असतं, सगळं.

सालेम ऐकत होते. मग त्यांनी काठीने निनादकडे दाखवून विचारलं, ‘‘कम उमरा?’’

मला अरबी फारशी येत नसली तरी ‘वय किती’ हा प्रश्न कळला. सरांच्या चेहऱ्यावर, आपल्या वर्गात अचानक एखादा हुशार मुलगा निघावा, तसा आनंद पसरला. त्यांनी वय सांगितलं. सालेमनी पडलेल्या भिंतीतला एक ब्लॉक काठीने हलवून पाहिला. मग म्हणाले, गवंडी मी देतो, पण हाताखाली हा मुलगा राबेल. आणि ब्लॉक बाप वाहील.

‘‘बाप का?’’ मी मराठीत विचारलं. सरांनी ते भाषांतर करून विचारलंच नाही.

वर येऊन ते आमच्या बैठकीत बसले. कॉम्प्युटर उघडाच होता. त्यांनी पाहिलं. मी म्हणालो, ‘‘सर, तुम्ही काही म्हणा, मी ठरवलंय. माझ्याच्याने हे होत नाही. काका कडक आहे, तो बघेल.’’

‘‘निनादने मला फोनवर सांगितलं, बाबाच म्हणाले होते आता निर्णय तू घे,’’ सर म्हणाले.

मी कॉम्प्युटरकडे बघू लागलो.

‘‘शिर्के, त्या मुलाला पंधरा पालक होते. आतोबाने पंधराही काढले. इथे तुम्ही मूळचे दोनच, नि त्यातला एक राजीनामा देतोय.’’ ते हसत नव्हते. ‘‘गेल्या आठवड्यात तो मोठा होता. आज तो लहान नि नालायक. एवढं भराभर कोण मोठा-लहान होतो? असा नाय चालायचा. त्याचा चुकला. भारी चुकला. पण भिंत इथे पडलीय, मग ती इथेच बांधू दे त्याला. कराडात कोणाची भिंत बांधणार?’’

वैशालीने पुढे होऊन कॉम्प्युटर बंद केला. मी भावाला फोन करून म्हटलं, शाळा बघू नको. तो म्हणाला, बरं झालं, मला वाटलंच होतं तुझा राग आहे.

पुढचे काही शुक्रवार सकाळी निनाद सिमेंट कालवत होता आणि मी ब्लॉक वाहत होतो. सालेम सावलीत खुर्ची टाकून कॉफी पीत बघत. मी दमून टेकलो की म्हणत, ‘‘यल्ला, बाबा, यल्ला.’’ निनाद हळूच हसायचा. मग माझ्या हातातला ब्लॉक घ्यायचा. भिंत बऱ्यापैकी सरळ झाली. माझी कंबर मात्र गेली. पण मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला काम होतं. वाकायचं.

प्रयोगाच्या दिवशी भाड्याचा हॉल भरला होता. निनादने जांभळं वस्त्र घातलं आणि तो बाथटबवर नव्हे, खऱ्या खुर्चीवर बसला. रोमच्या वकिलांना त्याने लढाईचं विचारलं तेव्हा लोक हसले, आणि मग त्याने ‘‘ही राज्य माझी आहे’’ म्हटलं तेव्हा कुणीच हसलं नाही. एवढ्या मोठ्या कपड्यात ते पोरगं आणि ते चुकलेलं वाक्य. माझ्याशेजारी विंगेत सर उभे होते. ते ओठांनी त्याच्याबरोबर बोलत होते, बरोबर वाक्य.

गल्लीचा प्रवेश आला. राजा पुढे गेला. मी थांबलो, वाकलो, वहाणेच्या बंदाला हात घातला आणि कंबरेत एक कळ आली ती थेट डोळ्यांतून बाहेर पडली. मला वर होता येईना. मागचे शिपाई खोळंबले, तसे ते खोळंबायलाच हवे होते. पुढे राजाला मारेकऱ्यांनी गाठलं, तो पडला. आता संहितेप्रमाणे डिनोमेनीसने जखमी होऊन पळून जायचं, सगळ्यांनी पांगायचं आणि रिकाम्या रंगमंचावर राजाचं प्रेत एकटं पडून राहायचं. सगळे पांगले. मी वाकलेलाच.

विंगेतून सरांचा दबका आवाज आला, ‘‘शिर्के, चला.’’ मी मान हलवून नाही म्हटलं. तेवढीच हलत होती. सरांच्या लक्षात आलं असावं. पुन्हा आवाज आला, ‘‘मग असाच रहा, मेल्या. हलू नको.’’

पुढे मुलगा मरून पडलेला, मागे त्याला एकटं पाडणारा माणूस दुमडून उभा, डोळ्यांतून पाणी गळतंय. पाणी कंबरेचं होतं. निनादचं तोंड माझ्याकडे होतं. त्याने एक डोळा किलकिला केला आणि ओठ न हलवता विचारलं, ‘‘बाबा, ओके आहेस?’’

‘‘पडून रहा,’’ मी म्हटलं.

पडदा पडला आणि टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. प्रेताने उठून मला काखेत धरलं आणि विंगेत नेलं. नंतर सबनीस चष्मा पुसत आले आणि म्हणाले, ‘‘शिर्के, शेवटचा तो पश्चात्ताप... आम्हाला कल्पनाच नव्हती तुमच्यात हे आहे.’’ मला अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. मी ते घेतलं. सर सगळं जाणून होते. त्यांनी फक्त संध्याकाळी भाभींच्या हाती मलम पाठवलं.

त्या वर्षअखेर सर निवृत्त झाले. गावी न जाता ते पुतण्याने काढून दिलेल्या व्हिसावर बरक्याला त्याच्या दुकानात हिशेबाला बसले. भाभी तेवढ्या गावी गेल्या. आमच्या भेटी कमी झाल्या. निनाद पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. दुसऱ्या वर्षी त्याचे बरेच विषय राहिले आणि त्याने ते आम्हाला सांगितलं नाही. ते मला दुसऱ्याकडून कळलं आणि फोनवर मी पुन्हा एक भाषण केलं. त्यानंतर तो माझा फोन उचलेना. आधी दिवस, मग आठवडे. वैशालीला एखादा मेसेज यायचा: ठीक आहे. तेवढाच. वैशाली माझ्याशी नेहमीसारखं बोलत होती, पण जेवताना मधला तिसरा पाट उगाच पुसून ठेवायची.

सर गावी परतले आणि पुढच्याच वर्षी गेले. बातमी मला मंडळाच्या ग्रुपवर कळली. म्हणून त्यांची शेवटची भेट तीच, बरक्याच्या मासळी बाजारातली, ते परत जायच्या आधीच्या शुक्रवारची.

समुद्राच्या कडेला होड्या ओढलेल्या होत्या. सरांनी एक भलीमोठी सुरमई घेतली होती आणि पिशवीत मावत नाही म्हणून ती हातातच धरली होती. मला पाहून त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘‘निनाद कसे आहेत?’’

मी सांगितलं. नापास झाल्याचं, आणि फोन उचलत नाही हेही.

सरांनी मासा माझ्या हातात दिला, स्वतःचा फोन काढला आणि नंबर लावला. ‘‘अहो निनाद, परकार बोलतोय,’’ ते मोठ्याने म्हणाले, आणि बोलत बोलत होड्यांकडे चालत गेले. मी त्यांच्या मागे निघालो, तर त्यांनी हाताने थांबवलं. मी थांबलो. इस्त्रीचा शर्ट, पॉलिशचे बूट आणि दोन्ही हातांत, बाळासारखा, एक सुरमई. येणारेजाणारे भाव विचारत होते.

सर एका उलट्या होडीवर बसले होते. बराच वेळ ते फक्त ऐकत होते. एकदा हसले. एकदा मान खाली घालून खूप वेळ तशीच ठेवली. काय बोलणं झालं ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही. मग त्यांनी मला खूण केली. मी जवळ गेलो तर त्यांनी फोन पुढे केला.

‘‘घ्या. तुमच्याशी बोलायचं म्हणतात.’’

‘‘काय बोलू?’’

‘‘आधी त्यांना बोलू दे.’’

त्यांनी माझ्या हातातून मासा घेतला. मी फोन कानाला लावला. पलीकडून ‘‘बाबा’’ एवढंच आलं आणि मी, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, पुढचं ऐकायला गप्प राहिलो.

सर दूर निघून गेले, आमचं बोलणं कानावर पडू नये एवढे दूर. तिथे एका कोळ्यापुढे ती सुरमई उंच धरून ते अरबीत त्याच्याशी भावावरून वाद घालत राहिले. तिचे पैसे त्यांनी मघाशीच देऊन टाकले होते.